बाळाचे वरचे खाणे: आपल्याच रानातून, आपल्याच चुलीवर



ऊस विकास खात्याच्या पानावर लागण, बेणेप्रक्रिया, पाचट, हुमणी असे विषय असतात. या वेळी आम्ही बाळाच्या जेवणावर लिहीत आहोत. "हे बायकांचं काम" म्हणून कुणी पान उलटू नये. बाळाला काय खायला मिळणार, हे निम्मं आपण रानात काय पेरतो आणि बाजारातून पिशवीत काय आणतो यावरच ठरतं, आणि ही दोन्ही कामं बहुतेक घरांत पुरुषमाणसाकडे असतात.

उसाला फुटवे फुटायच्या वेळी उपाशी ठेवला आणि मोठ्या बांधणीला दुप्पट खत ओतलं, तर फुटव्यांची संख्या भरून येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाळाचा तसा काळ म्हणजे सहा महिने पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांपर्यंतचा. या दीड वर्षात खुंटलेली उंची पुढे भरून काढणं फार अवघड जातं.

सुरुवात केव्हा करावी? पूर्वी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान म्हणत असत. 2001 पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. सातवा महिना लागला की वरचं खाणं सुरू करावं आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावं. उष्टावणाचा महिना घराघराच्या रिवाजाप्रमाणे ठरतो. मामा सवडीनं येऊ दे, सोहळा सवडीनं होऊ दे, पण रोजचा घास त्यासाठी अडवून ठेवू नये. आणि सोहळ्याच्या खिरीचा घास ओठाला लावण्यापुरताच ठेवावा, कारण आता आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो.

दोन वर्षांपर्यंत बाळाच्या खाण्यात साखर घालू नये. साखर कारखान्याच्या माणसानं हे लिहावं याचं काहींना नवल वाटेल. सभासदाच्या घरात साखरेचं पोतं असतं, हात सहज डब्याकडे जातो. रडलं की साखरपाणी, दुधात साखर, आणि सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट. बाळाचं पोट इवलंसं. आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम 200 मिलिलिटर मावतं. ती जागा साखरेनं भरली की ताकद येते, पण प्रथिनं नाहीत, लोह नाही. जिभेला गोडाची चटक लागते, मग आमटी-भात थुंकून टाकतं. दात किडतात ते वेगळंच. गुळाचं काय, असं सभासद विचारतात. गुळात थोडे क्षार असतात हे खरं, पण बाळाला पुरेल इतकं लोह मिळायचं तर इतका गूळ द्यावा लागेल की तो देता येणार नाही. साखर आणि गूळ मोठ्यांनी आपल्या बेतानं खावा.

डब्यातल्या विकतच्या आहाराबद्दल दोनच वाक्यं. दोन वर्षांखालील मुलांच्या अशा आहाराची जाहिरात करायला 1992 च्या कायद्यानं आणि त्याच्या 2003 च्या दुरुस्तीनं बंदी आहे, ती उगाच नाही. कुणी आणलाच तर डब्यावरची घटकांची यादी वाचावी आणि साखर कितव्या नंबरला आहे ते बघावं.

आता घरचं खाणं. आपल्या आजी-पणज्यांचं खिमट याहून सोपं काही नाही. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ. दोन्ही धुऊन फडक्यावर वाळवायचं, मंद आचेवर खमंग भाजायचं, किंचित जिरं टाकायचं आणि रवाळ दळायचं. दोन मोठे चमचे हे पीठ दीड वाटी पाण्यात दहा-बारा मिनिटं शिजवलं की झालं. उतरवताना एक लहान चमचा तूप किंवा घाण्याचं शेंगतेल. वर्षापर्यंत मीठ घालायची गरज नाही. आपल्याला अळणी लागतं, बाळाला नाही; त्यानं अजून मीठ चाखलेलंच नसतं.

इथं एक मोठा गैरसमज काढून टाकला पाहिजे. पलूस भागात काय किंवा इतर कुठं काय, बाळाला "डाळीचं पाणी" आणि "भाताची पेज" द्यायची रीत आहे. डाळ तळाला राहते, ती आपण खातो. बाळाला वरचं पिवळं पाणी. उसाचा रस आणि काकवी यातला फरक आपल्याला कळतो. रसात बहुतेक पाणीच, काकवीत ऐवज. बाळाचं खाणं काकवीसारखं असावं: चमचा तिरका केला तर घळकन ओघळू नये, सावकाश सरकावं. नवव्या महिन्यापासून त्याहून घट्ट, बोटानं कुस्करलेलं, जरा कणीदार. वर्षाचं झालं की घरच्या ताटातलंच, तिखट घालण्याआधी बाजूला काढलेलं.

दुसरं पीठ हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं कुपोषित मुलांसाठी बसवलं होतं. भाजलेले गहू 40 ग्रॅम, हरभरा डाळ 16, शेंगदाणे 10 आणि गूळ 20 ग्रॅम. या 86 ग्रॅममध्ये 330 किलोकॅलरी आणि 11 ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. अशक्त पोराला थोड्या घासात जादा ताकद द्यायची म्हणून त्यात गूळ होता. आपल्या धडधाकट बाळासाठी तो वगळावा. तरीही 66 ग्रॅमला साधारण 250 किलोकॅलरी राहतात आणि प्रथिनं जवळपास तितकीच. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसाला 200 च्या आसपास लागतात, म्हणजे हिशेब बसतो. गोडवा हवा तर पिकलं केळं कुस्करून घालावं. घरी करताना 400 ग्रॅम गहू, 160 ग्रॅम फुटाण्याची डाळ, 100 ग्रॅम शेंगदाणे असं प्रमाण धरावं. सगळं वेगवेगळं भाजून, शेंगदाण्याची सालं पाखडून बारीक दळावं. दहा दिवसांपुरतंच करावं, शेंगदाण्यामुळे ते खवट होतं. काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून फेकून द्यावेत. बुरशीचं विष भाजून जात नाही.

पीठ घट्ट शिजवलं की बाळ गिळत नाही आणि पातळ केलं की पोट पाण्यानं भरतं, अशी तक्रार असते. याला जुना आणि शास्त्रानं पटवलेला तोडगा आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी मोडाच्या पिठावर पुष्कळ काम केलं. मूठभर गहू रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधावेत, एक-दोन दिवसांत मोड येतात. कडक उन्हात वाळवून, मोड चोळून काढून, तव्यावर नुसते गरम करून दळावेत. जास्त भाजले तर मोडातला पाचक अंश मरतो आणि खटाटोप वाया जातो. बुरशी आली तर टाकून द्यावेत. घट्ट शिजलेली लापशी खाली उतरवून त्यात लहान चमचाभर हे पीठ ढवळलं की चार-पाच मिनिटांत ती सैल होते, आणि पाण्याचा थेंब वाढवावा लागत नाही. मग पुन्हा एक उकळी द्यावी. नाचणीचं सत्त्व करताना आपल्या बायका हेच करत आल्या आहेत. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा मोडाची नाचणी उत्तमच.

किती वेळा द्यावं? पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे. आठव्या महिन्यापर्यंत दोन-तीन वेळा, वाढवत अर्धी वाटी. नऊ ते बारा महिन्यांत तीन-चार वेळा. नवा पदार्थ एका वेळी एकच, दोन-तीन दिवस बघून मग दुसरा.

सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा संपत येतो. म्हणून ज्या घरात चालतं त्यांनी अंडं पूर्ण उकडून पिवळ्या बलकासकट द्यावं. न खाणाऱ्यांनी मसूर, मूग, शिजवून घोटलेली पालेभाजी द्यावी आणि वर लिंबाचे चार थेंब पिळावेत. आंबटानं लोह अंगी लागतं, चहानं ते वाया जातं. आशाताई लोहाचं औषध देतात, ते आठवड्यातून दोनदा न चुकता पाजावं. तांबडा भोपळा, गाजर, पपई जोडीला असावी. वर्षाच्या आत मध चाटवू नये. गाई-म्हशीचं दूध लापशीत चालेल, आईच्या दुधाऐवजी नको, आणि बाटलीतून तर नकोच. अख्खा शेंगदाणा, फुटाणा घशात अडकतो, तेव्हा कूटच वापरावा.

कृष्णाकाठच्या गावांनी 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिले आहेत. पावसाळ्यात भाजक्या पिठाचा एक घट्ट झाकणाचा डबा कागदपत्रांच्या पिशवीशेजारी तयार असावा. उकळलेलं पाणी मिळालं की बाळाचं भागतं.

गळीत हंगामात टोळी आपल्या फडात येते. कोयता चालवणाऱ्या आईचं बाळ बांधावर झोळीत असतं आणि भर दुपारी त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. फड तुटेपर्यंत किलोभर पीठ आपल्या घरून गेलं तर आपलं काही कमी होत नाही. सहा महिन्यांवरच्या मुलांना अंगणवाडीचा आहार मिळतो आणि बाहेरगावच्या मुलांचीही नोंद करता येते. मुकादमाला घेऊन सेविकेकडे जावं.

आता आमच्या खात्याचं. वर सांगितलेलं बरंचसं उसात आंतरपीक म्हणून येतं. आडसालीत भुईमूग, पूर्वहंगामीत हरभरा, मेथी, कोबी. सुरूत उन्हाळी भुईमूग, मूग, कोथिंबीर. पण तणनाशक मारलेल्या सऱ्यांत हे जमत नाही. टू-फोर-डी रुंद पानाची पिकं मारतं. ॲट्राझीन, मेट्रिब्युझिनचाही भाजीपाल्याला त्रास होतो. म्हणून विहिरीजवळच्या चार सऱ्या घरासाठी राखून ठेवाव्यात आणि तिथं खुरपणीच करावी. वारं शेजारच्या सऱ्यांकडून या सऱ्यांकडे वाहत असेल तर त्या दिवशी फवारणी पुढं ढकलावी. कीटकनाशक मारलंच तर डब्यावर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस मोजूनच भाजी तोडावी.