जुने रिव्हॉल्व्हर आणि लक्ष्यवेधाचे शास्त्र

नेमबाजी ही केवळ नजरेची व हातोटीची बाब आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्याने जुन्या घडणीचे रिव्हॉल्व्हर हाती धरून २५ मीटरवरील लक्ष्यावर गोळ्या झाडल्या आहेत, त्याला लवकरच एक कोडे पडते. तोच हात, तीच नजर, तेच शस्त्र असताना मंद गतीची गोळी लक्ष्यावर वर लागते आणि वेगवान गोळी खाली लागते. सामान्य तर्काने याच्या उलट घडावयास हवे. हे कोडे यंत्रशास्त्राच्या साध्या नियमांनी कसे उलगडते, ते या पाठात पाहू.

शस्त्राची रचना

अमेरिकेतील सॅम्युएल कोल्ट याने फिरत्या दंडगोलाच्या शस्त्राचे अमेरिकन पेटंट २५ फेब्रुवारी १८३६ रोजी मिळविले. त्याच्या मृत्यूनंतर, १८७३ साली, त्याच्या कारखान्याचे ०.४५ इंच व्यासाचे रिव्हॉल्व्हर अमेरिकन सैन्याने स्वीकारले. आज छंद म्हणून जुन्या पद्धतीची नेमबाजी करणारे लोक बहुधा हेच शस्त्र अथवा त्याच्या प्रतिकृती वापरतात. आपणही तेच उदाहरण घेऊ.

या शस्त्रास ‘एकक्रिय’ म्हणतात. याचे कारण असे की, चापाकडे एकच काम असते, ते म्हणजे ताणलेला घोडा सोडणे. घोडा मात्र प्रत्येक वेळी अंगठ्यानेच मागे ओढावा लागतो. तो मागे येताना आतील एक खटका दंडगोलास ढकलतो. दंडगोलात ६ घरे असल्यामुळे तो दर वेळी ६० अंश फिरतो, आणि दुसरा खटका खाचेत बसून त्यास जागच्या जागी पक्का करतो. घर व नळी यांची रेषा या क्षणी अचूक जुळली पाहिजे. ती न जुळल्यास गोळीच्या कडेचे शिसे खरवडले जाते व नेम बिघडतो.

धक्क्याचा हिशोब

समजा, गोळीचे वजन १६.५ ग्रॅम आहे, तिचा वेग सेकंदास २६० मीटर आहे आणि रिव्हॉल्व्हरचे वजन १.१ किलोग्रॅम आहे. न्यूटनच्या नियमानुसार गोळीस पुढे जेवढा संवेग मिळतो, तेवढाच शस्त्रास मागे मिळतो. वस्तुमान व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. तेव्हा शस्त्राचा मागे येण्याचा वेग ०.०१६५ × २६० ÷ १.१, म्हणजे सेकंदास सुमारे ३.९ मीटर इतका येतो. दारूच्या वायूचा संवेग येथे धरलेला नाही. तो धरल्यास धक्का थोडा अधिक भरेल.

संवेग समान असला तरी ऊर्जा समान नसते, हे ध्यानात घ्यावे. गोळीची ऊर्जा सुमारे ५५८ ज्यूल भरते, तर शस्त्राची केवळ ८.४ ज्यूल. गोळी लाकडात घुसते आणि शस्त्र मात्र हाताने आवरता येते, ते यामुळेच.

माशी उंच का असते?

गोळी नळीतून बाहेर पडल्यानंतर धक्का बसतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. गोळी हलू लागताच शस्त्रही हलू लागते. गोळी नळीतून १९ सेंटीमीटर पुढे जाईपर्यंत हे शस्त्र सुमारे ३ मिलिमीटर मागे सरकलेले असते. आता नळीची रेषा ही मुठीच्या वरून जाते. त्यामुळे मागे येणारा जोर शस्त्रास सरळ मागे न नेता वरच्या बाजूस कलवितो. गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वीच नळीचे तोंड किंचित वर उचललेले असते.

पहिल्या कोड्याचे उत्तर येथेच आहे. मंद गोळी नळीत अधिक काळ राहते. तेवढ्या काळात तोंड अधिक उचलले जाते आणि गोळी वर लागते. वेगवान गोळी लवकर सुटते, म्हणून खाली लागते.

याखेरीज गुरुत्वाकर्षणाचाही विचार करावा लागतो. २५ मीटर अंतर तोडण्यास गोळीस सुमारे ०.१ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ती सुमारे ५ सेंटीमीटर खाली येते. २५ मीटरच्या आंतरराष्ट्रीय पिस्तूल-लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासही ५ सेंटीमीटरच असतो. उचल व घसरण या दोहोंचा मेळ घालण्यासाठी कारागीर नळीच्या टोकावरील माशी मुद्दाम उंच ठेवतो. नेम धरताना नळी प्रत्यक्षात किंचित खाली पाहत असते. पुढील उचल तिला योग्य दिशेस आणते. गोळ्या सातत्याने खाली लागत असतील तर जुने नेमबाज माशी कानशीने अगदी थोडी घासतात. मात्र हे काम जपून करावे, कारण घासलेली धातू परत येत नाही.

लहान चूक, मोठा परिणाम

मागील खाच व पुढील माशी यांत साधारण २० सेंटीमीटर अंतर असते. लक्ष्य २५ मीटरवर, म्हणजे त्याच्या १२५ पट दूर आहे. म्हणून माशी खाचेत १ मिलिमीटर बाजूस सरकली तर गोळी १२.५ सेंटीमीटर दूर लागते. केवळ ०.२ मिलिमीटरच्या चुकीने ती मध्यबिंदूपासून दहाच्या वर्तुळाच्या कडेपर्यंत जाते. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. डोळ्याने लक्ष्य, माशी व खाच ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट पाहता येत नाहीत; म्हणून दृष्टी माशीवर स्थिर करावी व लक्ष्य थोडे अस्पष्ट दिसू द्यावे.

घोड्याचा काळ व हाताची भीती

एकक्रिय शस्त्राचा घोडा जड असतो व त्यास लांब कमानीतून पडावे लागते. चाप सुटल्यापासून दारू पेटेपर्यंत सेकंदाचे कित्येक सहस्रांश भाग जातात. या काळातही नेम स्थिर राहिला पाहिजे. परंतु मनुष्याचे शरीर धक्क्याची वाट पाहत असते. आवाज होण्यापूर्वीच मूठ आवळली जाते आणि नळीचे तोंड खाली जाते. नवशिक्यास ही चूक दिसत नाही, कारण खरा धक्का तिला झाकून टाकतो.

तिची परीक्षा सोपी आहे. सहाध्यायाने नेमबाजास न कळविता खऱ्या काडतुसांमध्ये एखादे निर्जीव सरावाचे काडतूस घालावे. त्यावर घोडा पडला की आवाज होत नाही, पण भ्यालेला हात खाली झुकलेला स्पष्ट दिसतो. भीती दिसली की ती घालविण्याचा उपायही सापडतो. चाप सावकाश व समान जोराने दाबीत जावा, आणि आवाजानंतरही क्षणभर माशीवरून नजर काढू नये.

पाच काडतुसांचा नियम

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १८७३ च्या रचनेत खाली आलेल्या घोड्याची अणी काडतुसावर टेकू शकते. घोड्यास सुरक्षेची एक खाच असते, पण ती लहान असून आघाताने तुटू शकते. शस्त्र हातातून दगडावर पडून घोडा आपटला, तर चापास स्पर्श न होताही गोळी सुटते. अनेकांनी या चुकीची किंमत प्राणांनी दिली आहे. म्हणून सहा घरांच्या शस्त्रात पाचच काडतुसे भरण्याचा जुना प्रघात आहे. नळी सुरक्षित दिशेस ठेवून एक काडतूस घालावे, एक घर सोडावे, मग चार घालावीत; नंतर घोडा पूर्ण ओढून तो रिकाम्या घरावर हलकेच उतरवावा. १९७३ साली अमेरिकेतील रूगर कारखान्याने मध्यस्थ पट्टीची रचना आणली. तीत चाप दाबलेला असेल तरच घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचतो. एका लहानशा पट्टीने शतकभराचा धोका दूर केला.

दंडगोल व नळी यांमधील फटीतून तप्त वायू व शिशाचे कण उडतात. त्यामुळे दुसरा हात तेथे कधीही नेऊ नये, डोळे व कान झाकावेत आणि काही खाण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत, कारण शिसे विषारी आहे. भारतात असे शस्त्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना बाळगता येत नाही. सराव अधिकृत नेमबाजी-केंद्रावर व जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गोळी १३ ग्रॅमची असून बाकी आकडे तेच राहिले, तर शस्त्राचा मागे येण्याचा वेग किती होईल?

२. खाच व माशी यांतील अंतर १५ सेंटीमीटर केले, तर १ मिलिमीटरच्या चुकीने २५ मीटरवर गोळी किती दूर लागेल?

३. घोडा रिकाम्या घरावरच का उतरवावा, हे आपल्या शब्दांत लिहा.