ख्यालीखुशालीचा जमाखर्च

सेवाकार्यासाठी खेड्यात जाणे ही आता नवलाई राहिलेली नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तेव्हापासून कुदळ-फावडे कसे धरावे हे विद्यार्थ्यांना शिबिरात शिकवले जाते. घरी खुशाली कशी कळवावी हे मात्र कोणी शिकवत नाही. तो धडा मी चुकून शिकले, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी पेडणे तालुक्यातील एका वाडीत सहा आठवडे होते. महिलांच्या स्वयंसाहाय्य गटाला रोजकीर्द व खतावणी लिहायला शिकवणे हे माझे काम. बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळी, मग डिचोली आणि पुढे इब्रामपूर-हणखणेच्या बाजूला. याच तालुक्यात मोपाला २०२३ पासून विमाने उतरतात, पण वाडीत मोबाइल मुका! घरामागची पायवाट चढून सड्यावर गेले की एका जांभ्या दगडापाशी फोन लागे. संध्याकाळी वाडीतली सगळी पोरे तिथेच.

निघताना मी आईला म्हटले होते, "रोज आठ वाजता फोन करीन." वाणिज्याच्या विद्यार्थिनीने असे म्हणायला नको होते. गाठीला रोकड नसताना हुंडी लिहून देण्यातलाच तो प्रकार. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, वीज गेली ती दोन दिवस, आणि सड्यावरही फोन लागेना. मी आपली निवांत, काकींच्या हातची फणसाची भाजी खात. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो बाबा दारात उभे! दुकान बंद ठेवून, कोणाची तरी गाडी मागून, रात्रीचा घाट उतरून आले होते. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. "आई जेवली नाही दोन दिवस," एवढेच बोलले. काकींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मला मान वर करवेना.

त्या दिवशी आम्ही नवा करार केला. फोन आठवड्यातून दोनदाच, मंगळवारी व शनिवारी. तो आला नाही तर दुसऱ्या रात्रीपर्यंत काळजी करायची नाही. त्यानंतरही चुकला तर पोदेर. हा पाववाला रोज सकाळी सायकलवरून येई आणि त्याच्या गावात फोन चाले. घरचा नंबर त्याच्या वहीत लिहून दिला. पुढे दोनदा त्यानेच निरोप पोहोचवला, पैसे काही घेतले नाहीत.

आजीचा प्रश्न वेगळा. आईची आई आमच्याकडेच असते. तिला फोनवर ऐकू येत नाही आणि वाचता येते ते फक्त कानडी. तेव्हा पोस्टकार्डच हवे. त्याला ५० पैसे पडतात. जवळच्या शाखा डाकघराचे काम दिवसातले काही तासच चालते. थैली कधी निघते ते आधी विचारून ठेवावे. पिन विसरू नये. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाकखात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवीही होते. गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात, बेळगावचे ५९ ने. म्हणजे मध्ये एक घाट, पण टपालाच्या हिशेबी आपण निराळ्या विभागांत. माझे कार्ड पाच दिवसांनी पोहोचले.

खरी पंचाईत लिहिण्याची होती. घरी मी कानडी बोलते, पण शाळा मराठी. कानडीत 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ निराळे. आपल्या बाराखडीत तो भेदच नाही. 'बेळे' ऱ्हस्व 'ए'ने म्हटले तर पीक, दीर्घ 'ए'ने म्हटले तर डाळ. यंदा इथे काजूचे पीक चांगले आहे, असे मला लिहायचे होते. मी नको तिथे दीर्घ केले.

आजीचे उत्तर मी निघायच्या आदल्या दिवशी आले. चार ओळी, अक्षर थरथरते. शेवटी लिहिले होते: काजूची डाळ आम्ही कधी खाल्ली नाही, कशी शिजवतात ते काकींना विचारून ये.