‘क्लार्क’ : एका शब्दाची जन्मकथा



मी बँकेत क्लार्क आहे. ‘नुसता क्लार्क’ असे कोणी म्हटले की पूर्वी मनाला लागत असे. एकदा सहज शब्दकोश उघडला आणि या लहानशा शब्दाच्या पोटात केवढा इतिहास दडला आहे, हे कळले.

मूळ शब्द ग्रीक, ‘क्लेरोस’. अर्थ, चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. त्यावरून लॅटिनमध्ये ‘क्लेरिकस’ म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. हाच शब्द पुढे इंग्रजीत ‘क्लार्क’ झाला. ‘क्लर्जी’ म्हणजे पुरोहितवर्ग, हे त्याचेच भावंड.

मग धर्मगुरूचा कारकून कसा झाला? मध्ययुगीन युरोपात लिहिणे-वाचणे बहुतांशी धर्मगुरूंच्याच हाती होते. राजाची पत्रे, दस्तऐवज, हिशेब तेच लिहीत. त्यामुळे ‘क्लार्क’ म्हणजे साक्षर माणूस, मग लेखनिक, असा अर्थ सरकत गेला. ‘क्लेरिकल’ शब्दात आजही दोन्ही अर्थ नांदतात : धर्मगुरूंविषयीचा आणि कचेरीतील लिखापढीचा. इंग्रजांतील ‘क्लार्क’ हे आडनावही याच शब्दाचे. अमेरिकेत उच्चार ‘क्लर्क’ असा होतो आणि दुकानातील विक्रेत्यालाही तेच म्हणतात.

अक्षराची किंमत किती होती पाहा. इंग्लंडमध्ये धर्मगुरूंना राजाच्या न्यायालयातील शिक्षेपासून सवलत होती. पुढे ज्याला वाचता येई त्याला ती मिळू लागली. बायबलमधील ठराविक ओळ वाचून दाखवली की अनेक गुन्ह्यांत फाशी टळे. नाटककार बेन जॉन्सन याच्या हातून १५९८ साली द्वंद्वात एक नट मारला गेला. या सवलतीमुळे तो वाचला. अंगठ्यावर डाग देण्यात आला. वाचनाची ही अट १७०६ साली गेली आणि सवलतच १८२७ साली रद्द झाली. म्हणजे १७०६ पर्यंत एकाच गुन्ह्यासाठी वाचता येणारा सुटे आणि निरक्षर फासावर जाई!

आपला ‘कारकून’ फारसीतून आला : ‘कार’ म्हणजे काम, ‘कुन’ म्हणजे करणारा. त्यात कसला कमीपणा?

मित्रांनो, अक्षर मूठभरांच्या हाती राहिले की न्यायही मूठभरांचाच होतो, हे एवढ्याशा शब्दाने मला शिकवले. ज्यांच्या वाडवडिलांना पाटीला हात लावू दिला नाही, त्यांची मुले आज खातेवही लिहितात. म्हणून आता कोणी ‘नुसता क्लार्क’ म्हटले, तर मी हसतो आणि पेन उचलतो. तुम्हीही शब्दकोश हाताशी ठेवा.