पाड्यावरील सायंकाळ आणि शाळेचे पटांगण



शाळा सुटल्यानंतर शाळेच्या इमारतीचे काय होते, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात येतो. घंटा होते, मुले पांगतात, दाराला कुलूप लागते आणि गावातील बहुधा सर्वांत मोठे पटांगण व सर्वांत पक्के छप्पर दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत अंधारात उभे राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ह्या गोष्टीची दखल घेतली असून शाळेच्या वेळेबाहेर ही जागा गावाच्या सामाजिक व बौद्धिक कार्यासाठी ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून वापरता येईल, असे सुचविले आहे. कल्पना नवीन नाही. इंग्लंडमधील केंब्रिजशर परगण्याचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस ह्यांच्या प्रयत्नाने सॉस्टन ह्या खेड्यात १९३० साली अशी संस्था उघडली, की जिच्यात दिवसा मुले शिकत आणि सायंकाळी त्याच वास्तूत त्यांचे आईबाप वाचावयास, गावयास, खेळावयास येत. आपल्याकडेही १९५२ साली समुदाय विकास योजना सुरू झाल्यानंतर युवक मंडळे, महिला मंडळे व समाजमंदिरे ही नावे खेडोपाडी पोचली. नावे पोचली, पण डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांपर्यंत प्रत्यक्ष काम कितपत पोचले, हे आपण रोज पाहतोच.

प्रस्तुत लेखात कुटुंबे व तरुण मुले ह्यांच्यासाठी सायंकाळचे समाजकेंद्र कसे चालवावे, ह्याचा विचार करावयाचा आहे. परंतु कसे चालवू नये, हे प्रथम सांगणे मला प्राप्त आहे, कारण ते मी स्वतः करून पाहिले आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, मी नवशिका शिक्षक असताना, एका शाळेच्या रिकाम्या खोलीत आम्ही मनोरंजन केंद्र उघडले. कॅरमचा पट, दोन चेंडू, वर्तमानपत्राची मांडणी आणि भिंतीवर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले वेळापत्रक. सायंकाळी पाच ते सात. उद्‌घाटनास पाहुणे आले, तारपा वाजला, टाळ्या झाल्या. दीड महिन्यात खोलीला पुन्हा कुलूप लागले. किल्ली माझ्याजवळ असे आणि मी सायंकाळची गाडी धरून घरी जात असे. शिवाय पाच ते सात ह्या वेळात पाड्यावरचा माणूस वाडीतून, शेतातून किंवा कारखान्यातून परतत असतो. बायका पाणी व सरपण आणण्यात गुंतलेल्या असतात. वेळ माझ्या सोयीची होती, त्यांच्या नव्हे. शाळा रस्त्याच्या कडेला आणि पाडा दोन ओहोळांपलीकडे असल्यामुळे एकही बाई त्या खोलीत कधी आली नाही. जी पाचसहा मुले येत, ती सडकेलगतच्या घरांतील, अगोदरच चपल असलेली. मी मात्र बराच काळ ‘लोकांना आवड नाही’ असेच म्हणत राहिलो. हे वाक्य आपल्या खात्यात फार सोयीचे आहे.

माझी चूक जेथे होती, तेथेच आपल्या तालुक्यातील दोन थोर शिक्षिकांनी पन्नास वर्षे आधी योग्य वाट शोधून ठेवलेली होती. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी उघडली, तरी ज्या मुलांसाठी ती उघडली, ती गरीब वस्तीतील मुले येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीतील अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द ह्या कृतीतून जन्मला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यानंतर तो देशभर गेला. आज तो उच्चारताना त्यातील ‘अंगण’ आपल्या कानांवर पडेनासे झाले आहे, ही निराळी गोष्ट.

पुढे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे असे दिसून आले, की मोठी मुले गुरे राखावयास जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. तर शिक्षक साहित्य घेऊन कुरणात गेला आणि ‘कुरणशाळा’ झाली. मोठी मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन फिरते, म्हणून तिची शाळा बुडते. तर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकत्र आणून ‘विकासवाडी’ झाली. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक केंद्रशाळेच्या ग्रंथपेटीत असल्यास अवश्य वाचावे. ह्या सर्व प्रयोगांचा धागा एकच आहे : माणूस जेथे असतो आणि ज्या वेळी मोकळा असतो, तेथे व त्या वेळी संस्थेने गेले पाहिजे. बालकांना लागू पडणारी ही गोष्ट त्यांच्या आईबापांना व थोरल्या भावांना लागू पडू नये, असे काही कारण नाही.

येथे ‘मोकळी वेळ’ ह्या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. ‘करमणूक ही पोटभरल्यांची चैन’ असे काही बंधू म्हणतात, म्हणून मुद्दाम सांगतो. ह्या प्रदेशातील वारली माणसाला एके काळी स्वतःची सायंकाळ नव्हती. जमीनदाराची वेठ होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराचे ‘लग्नगडी’ होऊन राबत. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे २३ मे १९४५ रोजी वारल्यांची परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात तो इतिहास आहे. दिवस मावळल्यावर अंगणात स्वतःच्या इच्छेने बसणे ही ज्यांच्या आजापणजांनी झगडून मिळविलेली वस्तू आहे, त्यांच्या सायंकाळीस आपण क्षुल्लक मानू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. केंद्राचे वर्ष आपल्या शालेय वर्षाप्रमाणे जूनमध्ये सुरू होत नाही. जूनजुलैत आवणीची घाई असते. त्या दिवसांत कोणास बोलावू नये. पाऊस ओसरून भात पिकू लागते, तारपा बाहेर निघतो, तेथपासून दिवाळीपर्यंतचा काळ हा खरा हंगाम होय. दिवाळीनंतर अनेक घरांतील कर्ती माणसे वीटभट्ट्यांवर जातात, काही तरुण गुजरातच्या किनाऱ्यावरील मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात, आणि पाड्यावर म्हातारी माणसे व काही मुले उरतात. होळीला बरेच जण परततात. मग चैत्री पौर्णिमेस सुरू होणाऱ्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेपर्यंत पुन्हा गजबज असते, आणि ती सरते न सरते तोच शेताचे काम दिसू लागते. म्हणजे वर्षातून दोन भरतीचे काळ व एक ओहोटीचा. तिन्हींसाठी कार्यक्रम वेगळा ठेवावा. वर्षभर एकच वेळापत्रक भिंतीवर टांगणाऱ्या केंद्राचे पुढे काय होते, ते वर सांगितलेच आहे.

भरतीच्या काळात आठवड्यातून दोन सायंकाळी पुरेत. जेवणे उरकल्यावर, म्हणजे साडेसात-आठनंतर, जमावे. शाळा पाड्यात असेल तर पटांगणात. नसेल तर ज्याचे अंगण मोठे त्याच्या संमतीने तेथे. एक सौरदिवा, चटया आणि पिण्याचे पाणी एवढीच सामग्री लागते. कार्यक्रमाचा प्रारंभ लहान मुलांच्या खेळाने करावा. लंगडी, आट्यापाट्या, कबड्डी ह्यांना खर्च नाही. मुलींच्या कबड्डीस १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद जागा लागते, तेवढी पुष्कळ शाळांपुढे असते. मूल खेळते म्हटल्यावर आई उंबऱ्याशी येते, आणि आई आली की केंद्र कुटुंबाचे होते. माझ्या पहिल्या केंद्रात नेमकी हीच पायरी मी गाळली होती.

त्यानंतरचा अर्धा तास म्हाताऱ्यांचा असावा. आजी आपल्या वारली बोलीत गोष्ट सांगेल, चौथी-पाचवीचे मूल ती वहीत उतरवून घेईल आणि पुढल्या खेपेस सर्वांपुढे वाचून दाखवील. ह्यात शिक्षकाने करावयाचे काम एकच : मध्ये बोलून भाषा सुधारू नये. आपल्या आजीचे शब्द कागदावर उमटू शकतात, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याचे पाठ्यपुस्तकाशी वैर कमी होते, असा माझा अनुभव आहे. ह्या वह्या पहिली-दुसरीच्या वर्गात वाचनसाहित्य म्हणून उत्तम उपयोगी पडतात.

एक सावधगिरी मात्र हवी. तारपा हे काही स्वागतगीताचे वाद्य नव्हे. तारपकरी मध्ये, त्याच्या चालीप्रमाणे वळणारा फेर भोवती, आणि फेर त्याला पाठ दाखवीत नाही; ह्या रीतीत एक शिस्त व श्रद्धा आहे. पाहुण्यांची मोटार आली की वाजवा आणि गेली की थांबवा, असा त्याचा वापर आपण करू नये. मी तो केला आहे, आणि त्या वेळी तारपकऱ्याच्या मुद्रेवर जे दिसले ते अजून विसरलो नाही. लग्नचौकाचेही तसेच. तो सवाशिणींनी लग्नघरी लिहावयाचा व धवलेरीने गाण्यांनी जागवावयाचा विधी आहे. शाळेच्या भिंतीवर काय काढता येईल व काय काढू नये, हे त्या बायकांनाच विचारावे. शेत, झाडे, गुरे, फेर, जाळी टाकणारी माणसे ह्यांची चित्रे त्या आनंदाने काढतील. गंजाड येथील जिव्या सोमा मशे ह्यांनी बायकांच्या ह्या कलेस कागदावर व कापडावर आणून जगभर नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. त्यांचे नाव मुलांना माहीत असावे. परंतु त्यांच्या आधी ही कला भिंतींवर सांभाळणाऱ्या आजींची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ती आपल्या पाड्यापुरती तरी वहीत यावीत.

तरुण मुलांचा प्रश्न कठीण आहे. चौदा ते बावीस ह्या वयाचा मुलगा शाळेतून सुटलेला असतो. तो उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत किंवा चिकूच्या वाडीत रोजावर जातो. सायंकाळी त्याच्या हातात भ्रमणध्वनी असतो आणि खिशात दिवसाची मजुरी. त्याला उपदेश नको असतो. त्याला काम द्यावे, तेही जबाबदारीचे. दिव्याची देखभाल, लहानांच्या सामन्यांचे पंचपण, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्थलांतराची नोंदवही.

ही नोंदवही म्हणजे काय, ते सविस्तर सांगतो. दिवाळीपूर्वीच्या शेवटच्या दोन बैठकींत युवक मंडळाच्या मुलांनी घरोघर विचारून लिहावे : कोण कोठे जाणार, कोणत्या भट्टीवर, मालक वा मुकादम कोण, त्याचा दूरध्वनी क्रमांक काय, बरोबर मुले किती, परत केव्हा. बोटीवर जाणाऱ्याच्या बाबतीत बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक व बंदर लिहावे आणि त्याच्या ओळखपत्राची एक प्रत घरी ठेववावी. समुद्रातील हद्द डोळ्यांना दिसत नाही. आपल्या जिल्ह्यातील खलाशी पाकिस्तानच्या कैदेत वर्षे काढून आले आहेत. अशा वेळी ‘बोटीचे नाव काय?’ ह्या पहिल्याच प्रश्नाला घरच्यांजवळ उत्तर नसावे, ह्यासारखी दैना नाही. जी मुले आईबापांबरोबर जाणार, त्यांचे शिक्षण हमी कार्ड ह्याच बैठकीत, आईच्या हातात, चार माणसांदेखत द्यावे आणि त्याचा उपयोग समजावून सांगावा. कपाटात भरून ठेवलेले कार्ड मुलाबरोबर जात नाही. होळीला माणसे परतली की नोंदवही पुन्हा उघडावी व जे परतले नाहीत त्यांची चौकशी करावी.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा कित्येक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या, हे आपणांस स्मरत असेलच. कोणाच्या घरात म्हातारे माणूस एकटे आहे, कोठे तान्हे मूल आहे, ही माहिती तशा रात्री कामाची असते. वरील वहीत तीही एका पानावर असावी.

राहिला प्रश्न शिक्षकाच्या भाराचा. तो मी टाळणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकास अशैक्षणिक कामास लावता येत नाही. तेव्हा हे केंद्र शिक्षकाने चालवावयाचे नाही, आणि तसा आदेश कोणी देत असल्यास हे कलम त्यास नम्रपणे दाखवावे. शिक्षकाने करावयाचे ते इतकेच : शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय मांडणे, पटांगण व एक खोली वापरण्याचा ठराव लिहून घेणे, आणि किल्लीची दुसरी प्रत समितीने नेमलेल्या दोघांच्या, त्यांत एक स्त्री असावी, स्वाधीन करणे. समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात; त्यांच्यावर विश्वास टाकण्यास कायद्याची आडकाठी नाही, आपल्या सवयीची आहे. ‘सामान चोरीस जाईल’ ही भीती मलाही होती. कॅरमचा पट कुलपात राहिला, सुरक्षित राहिला, आणि वाळवीने खाल्ला.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या पाड्याचे बारा महिन्यांचे कामाचे वेळापत्रक एका कागदावर लिहून आणावे : आवणी, कापणी, भट्टी, बोट, होळी, यात्रा, आणि सायंकाळी माणसे किती वाजता मोकळी होतात ते. हे वेळापत्रक स्वतःच्या अंदाजाने भरू नये. पाड्यावर जाऊन, शक्यतो बायकांना विचारून भरावे.