शब्बाथ, रविवार आणि आपला विसावा



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर दोघांनी मला दारातच गाठले. एक तरुण कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्याच वारी असते. “फादर, मी रविवारी ड्युटी करतो. ते पाप धरायचे का?” दुसऱ्या एक मावशी. त्यांच्या घरी कोणी प्रचारक येऊन सांगून गेले होते की खरा शब्बाथ शनिवारी असतो, रविवार ही माणसांनी काढलेली गोष्ट आहे. मावशींना रात्रभर झोप नव्हती. दोघांनाही मी “पत्रिकेत लिहितो” म्हणून निरोप दिला.

आधी मावशींचा प्रश्न. शब्बाथ म्हणजे सातवा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. यात त्या प्रचारकांचे काही चुकले नाही. शब्बाथ जिवापाड जपणारी माणसे आपल्या महाराष्ट्रातही होती. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक पिढ्यान्पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले होते, मंदिर नव्हते, ग्रंथ नव्हते. पण तो एक दिवस सोडला नाही, आणि त्यावरूनही ते यहुदी असल्याची ओळख पटली. मला त्यांचे फार कौतुक वाटते.

मग आपण शनिवार का पाळत नाही? प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी पुनरुत्थित झाला. प्रेषित स्वतः यहुदी होते, तरी भाकर मोडण्यासाठी पहिल्या दिवशी जमल्याचे आपण वाचतो (प्रेषितांची कृत्ये २०:७). सण, चंद्रदर्शन किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुम्हांला दोष लावू नये, असे संत पौल कलस्सैकरांना बजावतात (२:१६). इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या वेळी एकही सम्राट ख्रिस्ती नव्हता. तेव्हा रविवार कोणा राजाने आपल्यावर लादला, हे म्हणणे टिकत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी या आज्ञेची जी फोड केली ती मला सेमिनरीत शिकताना फार पटली होती. देवासाठी वेळ वेगळा काढावा, हा आज्ञेचा नैतिक भाग; तो कधी बदलत नाही. तो वेळ सातव्याच दिवशी असावा, हा विधीचा भाग. तो इस्राएलसाठी होता. मावशी, निश्चिंत झोपा.

आता विसाव्याकडे वळू. पहिली तीन शतके रविवार हा कामाचाच दिवस होता. ख्रिस्ती लोकांत कित्येक गुलाम होते. त्यांना सुट्टी कोण देणार? ते उपासनेला जमत आणि कामाला जात. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२१ मध्ये रविवारी न्यायालये व शहरातील कामे बंद ठेवण्याचा हुकूम काढला, पण शेतकऱ्यांना त्यातून मोकळे ठेवले; हंगाम हातचा जाऊ नये म्हणून. आपल्या तासगावकडच्या बागाईतदारांना हे वाचून बरे वाटेल! रात्री पाऊस झाला आणि द्राक्षावर दावण्या येण्याची भीती असली, तर रविवार म्हणून फवारणी थांबत नाही, हे मलाही कळते.

पण आज्ञा नीट वाचा. ती फक्त “तू काम करू नकोस” एवढ्यावर थांबत नाही. तुझा दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या गावात राहणारा परका, यांची नावे घेऊन ती सांगते की त्यांनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. आणि कारण काय? तूही मिसर देशात गुलाम होतास, हे आठव (अनुवाद ५:१४-१५). इस्राएल लोक तिथे विटा पाडत होते. उपासनेसाठी रजा मागितली तेव्हा फारोने त्यांना आळशी ठरवून काम वाढवले (निर्गम ५). बेंदराच्या दिवशी आपला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, त्याला आज्ञेचा हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे कामगारांना रविवार मिळवून दिला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते ख्रिस्ती नव्हते. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. फुल्यांचे मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातले कटगुण. १८८४ साली लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातली एक मागणी रविवारच्या सुट्टीची होती. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दा त्यांनी मांडल्याचे सांगतात. गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी सुट्टी मान्य केली. म्हणजे मालकांपैकी इंग्रज स्वतः रविवारी देवळात जात असतील, पण कामगाराला रविवार मिळायला सहा वर्षे झगडावे लागले. ही गोष्ट मला टोचते.

म्हणून कुपवाडच्या त्या तरुणाला माझे उत्तर असे: तुझ्या पोटाची, कुटुंबाची गरज आहे आणि पाळी तू ठरवत नाहीस, यात पाप नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही तसेच सांगते. शनिवारी सायंकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, तिला ये. तुझ्या सुट्टीच्या दिवशी मात्र दुसरीकडे ओव्हरटाईम शोधू नकोस. घरी राहा, मुलांजवळ बस. मिरजेच्या दवाखान्यांत पाळी करणाऱ्या नर्स भगिनींनाही हेच सांगेन.

ज्यांना रविवारची सुट्टी आहे, त्यांना मात्र मी जास्त विचारणार आहे. तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना आठवड्यात एक दिवस भरपगारी सुट्टी आहे का? ड्रायव्हरला? रविवारी पाहुणे येतात म्हणून त्या दिवशी त्यांना उलट लवकर तर बोलावत नाही ना? आणि घरातल्या आईला? सगळ्यांचा रविवार म्हणजे पुष्कळ घरांत तिचा सर्वांत मोठा स्वयंपाक.

मी स्वतः यातून सुटलेलो नाही. मागच्या देवळाच्या सणाला पहाटेपासून भगिनी मोठमोठी पातेली घेऊन मागच्या अंगणात होत्या. मी वेदीवरून प्रभूच्या दिवसाच्या आनंदावर प्रवचन दिले आणि त्यातल्या निम्म्या जणींना ते ऐकूच आले नाही. जेवताना एक आजी हसत म्हणाल्या, “फादर, आमची मिस्सा चुलीपाशीच झाली.” मीही हसलो. रात्री मात्र ते हसू घशात अडकले.

धर्मग्राम समितीशी बोलून असे ठरवले आहे की यंदा सणाचा स्वयंपाक आदल्या दिवशी सुरू होईल, पुरुषमंडळी व युवक वाढपासोबत भांडीही घासतील, आणि मिस्सेच्या वेळी चूल बंद राहील. जेवण अर्धा तास उशिरा मिळेल. रविवारी पाळी असणाऱ्यांनी आपली नावे व वेळा या आठवड्यात कार्यालयात द्याव्यात. त्या पाहून शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेची वेळ ठरवू.

आपला,
प्रमुख धर्मगुरू