‘पोट्टीचं काम’ कोण शिकवतं?

प्रश्न : माझा नातू पाच वर्षांचा आहे, गावच्या अंगणवाडीत जातो. परवा सांडलेला चिवडा झाडून घे म्हटलं, तर म्हणतो, ‘‘हे तं पोट्टीचं काम हाय.’’ आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. मग एवढ्याशा लेकराच्या डोक्यात हे आलं कुठून? आणि या वयात त्याला समजावून काही उपयोग आहे का?
— एक आजी, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : आजी, घरात कोणी बोलत नसेल, पण नातू बघतो आहे. अडीच-तीन वर्षांचं मूल आपण मुलगा की मुलगी हे सांगू लागतं आणि लगेच पुढच्या शोधाला लागतं : मग मुलग्यांनी काय करायचं, मुलींनी काय? त्याचं उत्तर ते आजूबाजूला शोधतं. निंदायला आणि कापूस वेचायला बाया, डवऱ्यामागे आणि बाजारात कापूस विकायला बाप्ये. घरात झाडू कोणाच्या हातात दिसतो, हे तुम्हीच आठवून पाहा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात बिनपैशाचं घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के निघाल्या, पुरुष २६ टक्के. नातवाचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून त्याने काढलेला नियम चुकीचा आहे.

या नियमाला बळ कसं मिळतं, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन या अमेरिकेतल्या संशोधकांनी तो तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या बालवर्गांत केला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. काही वर्गांत शिक्षिकांनी दोन आठवडे फक्त एवढंच केलं : मुलग्यांची रांग वेगळी, मुलींची वेगळी, आणि बोलताना सारखा ‘मुलगे’, ‘मुली’ असा उल्लेख. बाकी वर्गांत हे टाळलं. मुलगे हुशार किंवा मुली नाजूक असं एक अक्षरही कोणी उच्चारलं नाही. तरी दोन आठवड्यांनी पहिल्या वर्गांतली मुलं ‘हे फक्त मुलग्यांचं’, ‘हे फक्त मुलींचं’ असं जास्त म्हणू लागली, आणि मुलगे-मुली एकमेकांशी कमी खेळू लागले.

आता आपल्याकडे बघा. मुलग्यांची रांग, मुलींची रांग. हजेरीत आधी मुलगे, मग मुली. वर्ग झाडायला दोघी मुली, सतरंजी उचलायला दोघे मुलगे. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, वर्ग आवरण्याची ती सोय असते. पण ही सोय रोज धडा देते, आणि तो धडा कोणत्याही पुस्तकाआधी पोचतो. रांग लावायचीच तर नावाच्या पहिल्या अक्षरावरून लावा, जन्ममहिन्यावरून लावा. झाडण्याची पाळी सगळ्यांना येऊ द्या.

पुस्तकांनी आपलं काम सुरू केलं आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले आणि पुरुष कपड्यांना इस्त्री करताना दाखवला. बाई डॉक्टर, बाई वाहतूक पोलीस दाखवली. मला ही चित्रं मनापासून आवडली. पण दुसरीतलं मूल सात वर्षांचं असतं. २०१७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणून पाच वर्षांचे मुलगे जितक्या सहजपणे पुरुषाकडे बोट दाखवत होते, तितक्याच सहजपणे त्या वयाच्या मुली बाईकडे दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते कमी झालं होतं. म्हणजे काम करायचं ते अंगणवाडीच्याच वयात. तुमचा नातू लहान नाही, नेमक्या वयाचा आहे.

आणि यासाठी आपल्याला दूर जायला नको. बालशिक्षणाचं मोठं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालमंदिर चालवलं, आणि १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढलं. अंगणवाडीची कल्पना तिथेच वाढली. त्यांनी ज्या माँटेसरींची पद्धत इथल्या मातीत रुजवली, त्या पद्धतीत झाडणं, पाणी ओतणं, ताट मांडणं हे प्रत्येक मुलाचे धडे असतात, मुलगा असो की मुलगी. आणि झाडूचंच म्हणाल तर अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कोणत्याही गावात गेले की आधी गाव झाडत, मग रात्री कीर्तन करत. वऱ्हाडातल्या लेकराला ‘झाडू पोट्टीचा’ हे पटवून देणं खरं तर अवघड जायला हवं. नातवाला बाबांची गोष्ट सांगा आणि तुमच्या सोबत अंगण झाडायला घ्या.

त्याला रागावू मात्र नका. प्रश्न विचारा : हॉटेलात भजी कोण तळतं? इस्त्रीवाला कोण? शिंपी कोण? पैसे मिळाले की तेच काम पुरुषाचं होतं आणि घरात फुकट असलं की बाईचं, हे पाच वर्षांच्या मुलालाही विचित्र वाटतं.

मुलींबद्दलचा आदर हा या शिकवणीचाच दुसरा भाग आहे. मुलगा रडला की ‘पोट्टीसारखा काय रडतो’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! त्यातून तो एका झटक्यात दोन गोष्टी शिकतो : रडू लपवायचं, आणि मुलगी असणं कमीपणाचं. हे वाक्य घरातून आणि अंगणवाडीतून कायमचं हद्दपार करा. खेळताना मुलगी ‘नको’ म्हणाली की थांबायचं, हे त्याला आत्ताच सांगा. आणि तो स्वतः पाहुण्यांच्या मांडीवर बसायला नको म्हणाला तर त्याचंही ‘नको’ ऐका, कारण ज्याचं ऐकलं जातं तोच दुसऱ्याचं ऐकायला शिकतो.

आजी, येत्या आठवड्यात अंगणवाडीच्या ताईंना भेटा. त्यांच्यावर कामाचा बोजा फार असतो, म्हणून दोनच मागण्या करा : मुला-मुलींची एकच रांग आणि झाडण्याची पाळी सगळ्यांना. घरी मात्र नातवाच्या वडिलांना आणि आजोबांनाही आपापलं ताट उचलायला सांगा. नातू सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच बघतो.