मेदपेशी, जनुके आणि मातेचा आहार

लठ्ठपणा हा सुखवस्तू शहरवासीयांचा विकार आहे, अशी समजूत अद्याप रूढ आहे. खानदेशात तर सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत बालकांच्या कमी वजनाचीच काळजी अधिक केली जाते. परंतु या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे मेदपेशीच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे.

मेदपेशी ही केवळ चरबीची कोठी नव्हे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो; त्यांपैकी कोणती जागी राहतात आणि कोणती निद्रिस्त, यावर पेशीचे कार्य ठरते. 'पीपीएआर-गॅमा' हे प्रथिन कार्यरत झाले की अपक्व पेशीचे मेदपेशीत रूपांतर होते, हे १९९४ साली निदर्शनास आले. 'एफटीओ' जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध २००७ साली उघडकीस आला. पुढे २०१५ मध्ये असे दिसले की, त्यातील विशिष्ट फरकामुळे शेजारची दुसरीच जनुके अधिक सक्रिय होतात आणि मेदपेशी चरबी जाळून उष्णता निर्माण करण्याऐवजी ती साठवू लागते. थोडक्यात, नाव एकाचे आणि करणी दुसऱ्याची!

जनुके बदलता येत नाहीत. त्यांच्यावरील नियंत्रण मात्र आहाराने, तेही गर्भावस्थेतच, बदलू शकते. या दृष्टीने पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केलेला अभ्यास मोलाचा आहे. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. पुण्याच्या बालकांचे स्नायू बरेच कमी होते. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, पण अंगी मेद! ज्या मातांमध्ये गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनची परिणामकारकता सर्वांत कमी आढळली. ही दोन्ही जीवनसत्त्वे जनुकांना निद्रिस्त करणाऱ्या मिथिल गटांच्या निर्मितीस लागतात. दुवा येथेच असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

आपली कळण्याची भाकरी प्रथिनांच्या दृष्टीने उत्तम. तथापि ज्वारी-उडदात ब-१२ नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. पुण्याच्याच अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी आढळली, तर अतिश्रम करणाऱ्या मातांची लहान. केळीच्या बागांत व कापूस वेचणीस जाणाऱ्या गर्भवतींच्या बाबतीत ग्रामपंचायतीने हे विशेष ध्यानी घ्यावे.

जन्मतः लहान, पण पुढे झपाट्याने वजन वाढलेल्या मुलांत आठव्या वर्षी धोका अधिक दिसला होता. अंगणवाडीचा तराजू वजन सांगतो, ते स्नायूचे की चरबीचे हे सांगत नाही. म्हणून तेथे मुलांची उंचीही नियमित नोंदली जावी. प्रौढांसाठी उपकेंद्रात साधी फीत पुरते: भारतीय पुरुषांत कंबरेचा घेर ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत गेला की धोका सुरू होतो, मग अंगकाठी कितीही सडपातळ दिसो.